तीन सेंटिमीटर: कराटेतलं 'सेइशिन' नेमकं कुठे असतं?

सांजपाऊल

गेले तीन आठवडे एक गोष्ट मनात घोळतेय. घरी बोललो नाही, दोजोत, म्हणजे कराटेच्या तालमीत, बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अकरा वर्षं शोतोकान शैलीचं कराटे करतोय. दुसरा दान आहे, म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी. आठवड्यातून दोन दिवस लहान मुलांचा वर्ग घेतो. त्या दिवशी मोठ्यांचा कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, चालू होता. माझ्यासमोर तपकिरी पट्ट्याचा एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, अंगाने चपळ. मी पुढे सरकत असताना त्याचा किझामी-झुकी, पुढच्या हाताचा ठोसा, माझ्या नाकावर बसला. चुकून बसला. त्याने लगेच हात मागे घेतला आणि डोळ्यांनीच माफी मागितली. नाकातून रक्ताचा एक थेंब माझ्या गीच्या (कराटेच्या पोशाखाच्या) गळपट्टीवर पडला, तेवढंच. पण मागच्या रांगेत माझ्या वर्गातली मुलं बसली होती. ती बघताहेत हे मला पाठीवर जाणवत होतं.

पुन्हा 'हाजिमे' (सुरू करा) झालं आणि मी ग्याकु-झुकी, मागच्या हाताचा ठोसा, टाकला. पोटावर, बरगड्यांच्या जरा खाली. थांबवायचा होता. थांबवता येत होता, अकरा वर्षांत हजारो वेळा थांबवलाय. मी तो थांबवला नाही. मुलगा गुडघ्यावर बसला, श्वास अडकला, माउथगार्ड जमिनीवर पडला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

आमच्यातले एक ज्येष्ठ मोठ्यांदा म्हणाले, "याला म्हणतात स्पिरिट!" दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या.

वर्ग संपताना नेहमीप्रमाणे सगळे सेइझात, गुडघे दुमडून, बसलो आणि दोजो-कुन, म्हणजे दोजोचे नियम, म्हटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाच ओळी असतात. चारित्र्य पूर्णत्वाला नेण्यासाठी झट. सचोटीची वाट सोडू नकोस. प्रयत्नांचं सेइशिन, ज्याला आपण स्पिरिट म्हणतो ते, जोपास. रीतभात आणि आदर सांभाळ. आणि पाचवी, 'केक्की नो यू ओ इमाशिमुरु कोतो', म्हणजे उसळलेल्या रक्ताच्या शौर्याला आवर घाल. अकरा वर्षं ही ओळ मी घशाच्या शिरा ताणून म्हणत आलोय. त्या दिवशी माझा आवाजच फुटला नाही.

ज्याला त्या ज्येष्ठांनी स्पिरिट म्हटलं, ते जर स्पिरिट असेल, तर पाचवी ओळ कशासाठी आहे? आणि ते नसेल, तर मग स्पिरिट म्हणजे काय? अनुभवी मंडळींनी मनमोकळं लिहावं. मला धीर नकोय, उत्तर हवंय.

निळा_पट्टा

वाचून गप्प झालो. इतकं सरळ लिहिलंत त्याबद्दल आभार. तो मुलगा आता कसा आहे?

सांजपाऊल

बरा आहे. फ्रॅक्चर नव्हतं, मुका मार होता. दोन वर्ग आला नाही.

शब्दवेडी

मी कराटे फार केलं नाही, तीन वर्षांनी सुटलं. जपानी भाषा मात्र शिकवते, म्हणून शब्दापुरतं बोलते. मला वाटतं तुमच्या प्रश्नातली अर्धी गाठ शब्दातच आहे.

'स्पिरिट' म्हणताना आपण एकाच पोत्यात चार गोष्टी कोंबतो: जिद्द, ईर्ष्या, खिलाडूपणा आणि आत्मा. जपानीत यांना वेगवेगळे शब्द आहेत. चिवटपणा, दात-ओठ खाऊन टिकून राहणं, याला 'कोन्जो' म्हणतात. अंगात सळसळते ती ऊर्जा म्हणजे 'की'. ती एकवटून बाहेर पडते ती 'किआई'. त्यातला 'आई' म्हणजे जुळणं, एकत्र येणं. किआई म्हणजे आरडाओरडा नव्हे, श्वास, शरीर आणि मन एका क्षणी जुळल्याचा तो आवाज आहे. मन किंवा हृदय म्हणजे 'कोकोरो'. आणि दोजो-कुनच्या तिसऱ्या ओळीत येतो तो शब्द 'सेइशिन'.

सेइशिन दोन अक्षरांनी लिहितात. दुसरं अक्षर देवासाठी वापरतात तेच. पहिल्या अक्षराच्या डाव्या बाजूला तांदळाचं चिन्ह असतं, आणि त्याचा मूळ अर्थ आहे कांडलेला तांदूळ. उखळात घालून, कांडून, कोंडा काढून पांढरा केलेला. म्हणजे सेइशिन ही जन्मतः मिळालेली मस्ती नाही. कांडून कांडून कोंडा गेल्यावर जे उरतं, ते सेइशिन. शिवाय त्या ओळीतलं क्रियापद बघा, 'याशिनाउ'. त्याचा अर्थ दाखवणं, गाजवणं असा नाही. पोसणं, वाढवणं असा आहे. मूल वाढवतात त्यासाठीही हेच क्रियापद येतं.

तुमच्या ज्येष्ठांनी ज्याला दाद दिली ती फार तर 'की' होती, तीही कोंड्यासकट.

अजून एक. कुनची प्रत्येक ओळ 'हितोत्सु' म्हणजे 'एक' असं म्हणूनच सुरू होते. पहिली, दुसरी, तिसरी असं नाही. पाचही ओळी एक नंबरच्या. त्यामुळे पाचवी ओळ शेवटची म्हणून कमी महत्त्वाची, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

रोजचा_सराव

शब्दवेडी, तांदळाचं माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तो शब्द रोज तोंडात आहे आणि आज कळलं. मनापासून आभार.

सांजपाऊल, मी तुम्हाला शरीराच्या बाजूने उत्तर देतो, कारण मला तीच बाजू येते.

आपण जो थांबवलेला फटका मारतो त्याला 'सुन्दोमे' म्हणतात. 'सुन' हे जुनं जपानी माप, साधारण तीन सेंटिमीटर. 'दोमे' म्हणजे थांबवणं. कातडीच्या तीन सेंटिमीटर अलीकडे मूठ थांबली पाहिजे. नवख्याला वाटतं थांबवायचं म्हणजे हळू मारायचं. ते उलट आहे. हळू मारलेला हात कुणीही थांबवतो, त्यात काही कमावलेलं नसतं. मागची टाच जमिनीला दाबलेली, कंबर पूर्ण वळलेली, खांदा खाली, कोपर आत, आणि सगळा वेग मुठीत पोहोचला त्याच क्षणी सगळं शरीर एकदम आवळायचं, त्याला 'किमे' म्हणतात. तो ठोसा आत घालायचा तर फक्त तीन सेंटिमीटर पुढे जाऊन आवळायचं. ताकद तीच, वेग तोच. फरक फक्त तुम्ही मनात कुठली जागा ठरवली याचा.

कराटेची सगळी नीती मला त्या तीन सेंटिमीटरांत दिसते. कारण तिथे मारता येत असतं. ज्याला मारताच येत नाही त्याच्या अहिंसेला मी नावं ठेवत नाही, पण ती कराटेने शिकवलेली नसते.

माझ्याकडे एक सराव आहे. जोडीदार स्थिर उभा राहतो, डोळे उघडे ठेवून. गीच्या पुढच्या भागाला चिमटीने जरा पुढे ओढून सोडायचं, म्हणजे कापड अंगापासून सुटं राहतं. पूर्ण वेगाने ग्याकु-झुकी. कापड हललं पाहिजे, कातडीला लागता कामा नये. दहा वेळा. चाळीस वर्षांत एक गोष्ट पक्की बघितलीय: ज्यांचा हात थांबत नाही त्यात दुबळे कमी असतात. बहुतेक घाबरलेले असतात किंवा रागावलेले. शरीर सांगितलं तिथे थांबतं हो. सांगणारा जागेवर नसतो.

तुम्हीच लिहिलंय की मुलं बघताहेत हे पाठीवर जाणवत होतं. तुमचं मन समोरच्या मुलावर नव्हतंच, ते मागच्या रांगेत जाऊन बसलं होतं. 'झान्शिन' आपण नेहमी सावधपणा म्हणून शिकवतो. फटका मारल्यावर गाफील होऊ नको, उलटा वार येईल. पण शब्दाचा अर्थ आहे उरलेलं मन, मागे राहिलेलं मन. ते समोरच्यावर उरलं पाहिजे: तो उठतोय का, त्याला लागलं का, त्याचा श्वास चालू आहे का. हेही झान्शिनच. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, गुण मिळाल्यावर कुणी हात उंचावून आनंद केला तर मिळालेला गुण काढून घेता येतो, कारण आनंद करणाऱ्याचं मन प्रतिस्पर्ध्यावरून उठलेलं असतं. तुमच्याकडे टाळ्या वाजल्या. माझ्या मते त्या दिवशी पूर्ण दोजोचं झान्शिन सुटलं होतं, एकट्या तुमचं नाही.

सांजपाऊल

"सांगणारा जागेवर नसतो." हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

पाषाणभेद_नव्हे

मी क्योकुशिन शैलीचं कराटे करतो, त्यामुळे इथे थोडं वेगळं बोलणार. सुन्दोमे म्हणजेच नीती हे सरसकट मान्य नाही.

आमच्याकडे फटका थांबवत नाहीत. मांडीवर, पोटावर, छातीवर खरा मारतात आणि खरा खातात. ओयामा मासुतात्सु यांना थांबवलेला कराटे अपुरा वाटला म्हणून तर ही वाट निघाली. मग आम्ही काय अनीतीचे झालो का? माझा गुरुभाई माझ्या मांडीवर जी लाथ घालतो त्यात राग नसतो. त्याला माहीत असतं मी किती सोसू शकतो, आणि त्याच्या अर्धा पाऊल पुढे तो मला नेतो. ग्रेडिंगच्या दिवशी शेवटच्या फेऱ्यांत माझे पाय उचलत नव्हते, तेव्हा समोरच्याने मारता मारता माझ्या कानाशी हळूच "श्वास सोड, श्वास सोड" म्हटलं होतं. मारतही होता आणि सांभाळतही होता. 'ओसु' आम्ही म्हणतो त्यातली दोन अक्षरं म्हणजे ढकलणं आणि सोसणं. पुढे रेटायचं आणि दम धरायचा.

आणि मर्यादा आमच्याकडेही आहे. हाताने तोंडावर मारायचं नाही. लाथ डोक्याला चालते, पण ठोसा चेहऱ्यावर नाही. दमलेल्या, चिडलेल्या माणसाच्या हातातून तो ठोसा सुटायला किती सोपा असतो हे आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या मिनिटाला, डोळ्यापुढे अंधारी असताना, समोरच्याची हनुवटी पूर्ण उघडी दिसते आणि हात छातीवरच जातो. ती आमची तीन सेंटिमीटर.

त्यामुळे सांजपाऊल, तुम्ही त्याला लागेल असं मारलंत हा गुन्हा नाही. त्याने ज्यासाठी होकार दिला होता त्यापलीकडे तुम्ही गेलात, ही चूक आहे.

रोजचा_सराव

शेवटचं वाक्य माझ्या पूर्ण पोस्टपेक्षा नेमकं आहे. नीती तीन सेंटिमीटरांत असते हे माझं विधान मी सुधारतो. दोघांनी मिळून रेषा आखलेली असते, ती तीन सेंटिमीटरवर असो की कातडीवर. ती राखणं महत्त्वाचं.

वाऱ्याची_दिशा

यावरून टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना आठवल्याशिवाय राहत नाही. ७ ऑगस्ट २०२१, निप्पोन बुदोकान, पुरुषांचा ७५ किलोवरचा गट. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजझादेला मानेपाशी अशी बसली की तो जागेवर बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून न्यावा लागला. पंचांनी हमेदीला अतिरेकी आघाताबद्दल बाद केलं आणि सुवर्ण गंजझादेला गेलं. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की तो जिंकला आहे.

तेव्हा जगभर गदारोळ झाला. "बेशुद्ध पडलेला जिंकतो कसा?" माझ्या बॉक्सिंगवाल्या मित्राला तर ते अजून पटत नाही. मला विचाराल तर तो निकाल योग्यच होता. त्या नियमांत गुण द्यायचे सहा निकष होते आणि त्यात खेळाडूची वृत्ती, झान्शिन आणि योग्य अंतर हे तिन्ही होते. म्हणजे लाथ पोहोचली की नाही एवढंच बघत नाहीत, कशी पोहोचली तेही बघतात. हमेदीने मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही. तो मॅटवर रडला, तेव्हा मलाही भरून आलं होतं. पण हेतू शुद्ध असूनही आवर सुटू शकतो, आणि किंमत सुवर्णाएवढी असू शकते, हे त्या दिवशी कराटेने सगळ्या जगासमोर मान्य केलं. पदक देण्यापेक्षा ते अवघड होतं.

त्याच्या आदल्याच दिवशी त्याच सभागृहात ओकिनावाच्या कियुना र्यो याने कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करायच्या प्रकारात, सुवर्ण जिंकलं आणि पदक घेताना दिवंगत आईचा फोटो हातात धरला होता. ती दोन दृश्यं माझ्या मनात जोडीने राहिलीत.

रानवाट

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. इथे सगळं बोलणं आवर घालण्याबद्दल चाललंय. मी मुलींना शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना आवर घालायला घरोघरी आधीच शिकवलेलं असतं, जन्मापासून. त्यांचा ठोसा तीन सेंटिमीटर अलीकडे थांबत नाही, तो खांद्यातच थांबतो.

'कराते नी सेन्ते नाशी', कराटेत पहिला वार नसतो. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांच्या वीस सूत्रांतलं हे दुसरं. कामाकुराच्या एंगाकु-जी मंदिरात त्यांच्या स्मारकाच्या दगडावर हेच कोरलंय. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा चौदा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे आधी मी मार खायचा का?" सगळ्या हसल्या नाहीत. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तिला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. नंतर शोधलं. शितो-र्यू शैलीचे माबुनी केन्वा यांनी याच सूत्राचा अर्थ लावताना बजावलंय की हे वृत्तीबद्दल आहे. भांडण उकरू नका, हात शिवशिवतात म्हणून मारू नका. पण समोरचा मारायलाच आला असेल तर त्याचा फटका अंगावर पडेपर्यंत वाट पाहणं असा त्याचा अर्थ नाही. युद्धकलेत 'सेन' म्हणजे पुढाकाराचे प्रकार सांगतात ना: त्याच्या वारानंतर, त्याच्या वाराबरोबर, आणि त्याचा हेतू उमटताक्षणी, वार निघायच्याही आधी. तिसऱ्यात बाहेरून बघणाऱ्याला तुमचा हात पहिला दिसेल. पण पहिला वार त्याच्या मनात होऊन गेलेला असतो.

आता मी मुलींना असं शिकवते: पहिला वार त्याच्या हातात सुरू होत नाही. तुम्ही 'नाही' म्हटल्यावर तो एक पाऊल पुढे टाकतो, तिथे सुरू होतो. त्या पावलानंतर तुमचा आवाज, तुमचं अंतर, तुमचा हात, सगळं तुमचं. मात्र तो मागे फिरला, की तुमचा हातही थांबला पाहिजे. त्या चौदा वर्षांच्या मुलीचा किआई आता ऐका. सहा महिने लागले तो घशातून पोटात उतरायला. पहिल्यांदा नीट निघाला तेव्हा ती स्वतःच दचकली आणि मग रडली. माझ्या लेखी सेइशिन ते होतं. तिथे कोंडा म्हणजे भीती होती, राग नव्हता.

निळा_पट्टा

रानवाट, अंगावर काटा आला.

फुनाकोशींची लुटारूंची गोष्ट कुणाला आठवते का? आमचे सेन्सेई (शिक्षक) दर वर्षी सांगतात.

रानवाट

हो, आणि ती दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. त्यांनी स्वतःच्या आठवणींत सांगितलीय. ओकिनावात रात्री घरी परतत असताना वाटेत दोघांनी अडवलं. हातात पूर्वजांपुढे ठेवायचा गोड खाऊ होता. तो त्यांनी देऊन टाकला आणि वाट धरली. नंतर आपल्या दोन्ही गुरूंना, इतोसु आणि अझातो यांना, हे सांगितलं, तेव्हा दोघांनीही योग्य केलंस म्हणून पाठ थोपटली. अझातोंनी विचारलं, मग पूर्वजांपुढे काय ठेवलंस? ते म्हणाले, मनापासून केलेली प्रार्थना.

मी हीही गोष्ट मुलींना सांगते. खाऊ, पर्स, फोन मागत असेल तर देऊन टाका. जे दिलं तर तुम्ही उरता, ते द्या.

जुनी_पानं

धागा फार चांगला चाललाय, पण सेइशिन या शब्दाला एक काळी बाजू आहे आणि ती कुणीतरी इथे ठेवायला हवी.

इतोसु आन्को यांनी १९०८ साली दहा कलमांचं पत्र लिहिलं, कराटे शाळांत यावं म्हणून. त्याच्या पहिल्याच कलमात आहे की ही कला एखाद्या एकट्या माणसाशी झुंजण्यासाठी नाही, गुंड भेटला तरी हातपाय शक्यतो वापरू नका. सुंदर आहे. पण त्याच पत्रात पुढे हेही आहे की लहानपणापासून शिकलेली मुलं पुढे सैन्याला उपयोगी पडतील. म्हणजे दोन्ही धागे पहिल्यापासून एकाच विणीत आहेत. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरात गुरुमंडळी बसली आणि कराटेसाठी 'चिनी हात' ऐवजी 'रिकामा हात' हे नाव मान्य झालं. फुनाकोशी या 'रिकामं'ला बौद्ध हृदयसूत्रातल्या शून्याशी जोडत. आपल्याला ते 'रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्' असं संस्कृतात भेटतं. पण चीनशी वैर पेटत असताना 'चिनी' शब्द नको होता, हेही तितकंच खरं.

त्यानंतर वर्षभरात, १९३७ मध्ये, जपान सरकारने जी मोहीम काढली तिचं नावच 'राष्ट्रीय सेइशिन एकवटण्याची मोहीम' होतं. तोच शब्द! कांडून पांढरा केलेला तांदूळ! त्या शब्दाने पोरांना रणांगणावर पाठवलं. १९४५ मध्ये फुनाकोशींचा टोकियोतला दोजो बॉम्बहल्ल्यात जळाला, त्याच वर्षी त्यांचा मुलगा गिगो आजारपणात गेला, आणि ज्या ओकिनावातून ही कला आली ते बेट लढाईत होरपळून निघालं.

म्हणून "स्पिरिट दाखव" असं कुणी वरून सांगितलं की मी सावध होतो. मी पूर्वी जिथे शिकायचो तिथे एका मुलाचा गुडघा सुजला असताना त्याला शंभर बेडूकउड्या मारायला लावल्या, सेइशिन कळावं म्हणून. आम्ही सगळे रांगेत उभे राहून "ओस्स" म्हणत मोजत होतो. मीही मोजत होतो. साठपर्यंत मला माझा स्वतःचा आवाज आठवतो. त्याचा गुडघा पुढे कायमचा अधू झाला आणि त्याने कराटे सोडलं. सांजपाऊल, तुम्ही एका ठोशाबद्दल तीन आठवडे तळमळताय. मी त्या मोजण्याबद्दल अठरा वर्षं तळमळतोय.

शब्दवेडी

जुनी_पानं, हे लिहिणं सोपं नव्हतं. पोहोचलं.

कुनच्या पाच ओळी पुन्हा वाचल्या. 'सेन्सेईची आज्ञा पाळ' अशी ओळ त्यात नाहीच. रीतभात आणि आदर सांभाळ असं आहे, आणि तो कुणाविषयी हे सांगितलेलं नाही. म्हणजे तो सगळ्यांविषयी.

पाषाणभेद_नव्हे

आणि वर्ग संपताना शेवटचं वंदन एकमेकांना असतं. 'ओतागाइ नी रेइ'. सेन्सेईही तेव्हा आपल्यासमोर झुकतात. ते नुसतं कंबर मोडण्यापुरतं उरलं की मग गुडघे मोडतात.

जुनी_पानं, त्या मुलाशी कधी बोललात का?

जुनी_पानं

नाही. पत्ता आहे.

आई_नऊ_वर्षांच्या_मुलाची

मी कराटेतली नाही. मुलगा एक वर्षापासून जातो म्हणून सगळं वाचतेय. आमच्यासारख्यांनी दोजो बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं? पदकं आणि फोटो तर सगळीकडेच भिंतीवर असतात.

रोजचा_सराव

ताई, भिंतीकडे बघूच नका. एखाद्याला लागलं की वर्ग काय करतो ते बघा. पुढचा कुमिते चालू ठेवतात की थांबतात? लागलेल्याकडे आधी कोण जातं? ज्याने मारलं तो कुठे बघत असतो? दुसरं, वर्ग संपल्यावर जमीन कोण पुसतं ते बघा. पांढरे पट्टेच पुसत असतील आणि काळे पट्टे गप्पा मारत उभे असतील, तर तिथे चौथी ओळ फक्त म्हटली जाते. तिसरं, मुलाला घरी विचारा: आज सेन्सेईंना 'मला जमत नाही' असं कुणी सांगितलं का, आणि ते काय म्हणाले? एवढं पुरे. महिनाभरात तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

आई_नऊ_वर्षांच्या_मुलाची

आजच विचारते. आभारी आहे.

सांजपाऊल

नऊ दिवसांनी लिहितोय. काय झालं ते सांगायला हवं.

सेन्सेईंना आधी भेटलो आणि वर्गासमोर बोलायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "मी वाटच बघत होतो." ते त्या दिवशी आतल्या खोलीत होते, पण त्यांना सगळं कळलं होतं. तीन आठवडे काही बोलले नाहीत. त्याचाही मला आधी राग आला, मग नाही आला.

रांगेत उभे असताना मी पुढे आलो. लहान मुलांनाही त्या दिवशी थांबवून घेतलं होतं. म्हटलं, त्या दिवशी माझा ठोसा निसटला नव्हता, मी तो थांबवला नाही. मला राग आला होता आणि तुमच्यासमोर कमीपणा वाटला होता. त्याला टाळ्या मिळाल्या, त्या चुकीच्या गोष्टीला मिळाल्या. मग त्या मुलासमोर सेइझात बसून झुकलो. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा ओल्या फडक्याचा वास आला, नुकतीच जमीन पुसली होती.

तो मुलगाही खाली बसला. हळूच म्हणाला, "दादा, हाजिमेच्या वेळीच मला तुमच्या डोळ्यांत दिसलं होतं की हा थांबणार नाही. मी पोट आवळलं होतं. पण हात वर घेतला नाही, कारण तुम्ही असं कराल हे मला खरं वाटत नव्हतं."

मार त्याच्या पोटाला लागला असं मी इतके दिवस समजत होतो.

टाळ्या वाजवणारे ते ज्येष्ठ वर्गानंतर माझ्याशी बोलले नाहीत. पण फडकं घेऊन माझ्या शेजारच्या पट्टीत जमीन पुसायला बसले. मी त्यांना पहिल्यांदाच पुसताना बघितलं.

घरी जाताना माझ्या वर्गातली सात वर्षांची एक मुलगी चपला घालता घालता म्हणाली, "सर, तुम्हाला अजून राग येतो का?" म्हटलं, येतो. ती म्हणाली, "मला पण." आणि आईकडे पळाली.

जुनी_पानं

सांजपाऊल, तुमची पोस्ट वाचून काल पत्र टाकलं. उत्तर येईल न येईल.

रोजचा_सराव

दोघांनाही रेइ.

सांजपाऊल, त्या मुलाबरोबर कापडाचा सराव करा. दुसऱ्या कुणाबरोबर नको, त्याच्याचबरोबर. आधी त्याला विचारा. तयार असेल तर पहिल्या दिवशी त्याला मारू द्या, तुम्ही उभे राहा. डोळे मिटू नका.

सांजपाऊल

विचारलं, हो म्हणाला. पहिले दोन दिवस मी उभा राहिलो. तुम्ही म्हणालात तसं डोळे उघडे ठेवणं मारण्यापेक्षा अवघड आहे. त्याचे दहाच्या दहा कापडावर.

काल माझी पाळी होती. सहा कापडावर. तीन फार अलीकडे, हवेतच. एक कातडीला टेकला. लागला नाही, टेकला. तो म्हणाला, "हा मोजू नका, मी श्वास घेतला होता." मी मोजला. उद्या पुन्हा आहे.